ही ‘आंट’ आत्या की मावशी?

पत्र : मी निवृत्त शिक्षिका. चिनी घरात नकोशी म्हणून वाढलेल्या एका मुलीच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक मराठीत आणायला घेतलंय. तिला जन्म देऊन आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि मग घरात ती कुणालाच नको झाली. काळ साधारण १९३७ ते १९४९, गाव बहुतेक शांघाय. चाळीस पानं झाली आणि अडले. इंग्रजीत बघावं ती बाई ‘आंट’. भावंडांना नावं नाहीत, नुसते नंबर. वयांचा हिशेब लागत नाही. चिनी नावं कशी लिहायची कळत नाही. शिवाय घरी वाचून दाखवलं तर सगळे म्हणतात, ‘सावत्र आईची गोष्ट, आपल्याकडेही असतेच की.’ कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. भाषा जरा हळवी करू का? सोबत दोन पानं जोडली आहेत.
— एक वाचक, मिरज

नमस्कार बाई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चुकलं तर बाकीचं सगळं बरोबर येऊनही पुस्तक पडेल. भाषा हळवी करू नका. उलट आहे तो हळवेपणा खरवडून काढा.

तुमच्या दोन पानांत जेवणाचा प्रसंग आहे. टेबलाच्या मधोमध ताटं, प्रत्येकापुढे भाताची आपापली वाटी. आजी मधल्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून थोरल्या नातवाच्या वाटीत ठेवते, मग धाकट्याच्या. तिसऱ्या वेळी तिच्या चॉपस्टिक मुलीच्या वाटीवरून पलीकडे जातात. मूळ इंग्रजीत एवढंच आहे. तुम्ही पुढे जोडलंत, ‘बिचारीच्या वाट्याला मायेचा घासही आला नाही.’ या एका वाक्याने प्रसंग संपवला. वाचकाच्या मनात जे उठणार होतं ते तुम्हीच बोलून टाकलंत.

चिनी घरात ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ असं तोंडाने कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तरी कुठे म्हणतात? तिथे जीव असतो तो दुसऱ्याच्या वाटीत वाढण्यात. मोठ्यांनी आपल्या चॉपस्टिकने चांगला तुकडा उचलून लहानाच्या वाटीत ठेवायचा, याला चिनीत स्वतंत्र शब्द आहे, ज्यात्साय. त्यामुळे रिकाम्या राहिलेल्या वाटीचा अर्थ चिनी वाचकाला सांगावा लागत नाही. मराठी वाचकालाही तो कळेल, फक्त प्रथा एकदा नीट दाखवा. पहिल्याच जेवणाच्या प्रसंगात, आजी थोरल्याला वाढते तेव्हा, अर्ध्या वाक्यात ती रीत येऊ द्या. मग पुढे ‘आजीच्या चॉपस्टिक माझ्या वाटीवरून पलीकडे गेल्या’ एवढं पुरतं. त्यानंतर पूर्णविराम.

अशा पुस्तकात प्रेम नसणं हे नेहमी वस्तूंमधून कळतं, म्हणून प्रत्येक वस्तूपाशी थांबा. नव्या वर्षाला मुलांना लाल पाकिटात पैसे मिळतात, हाँगबाओ. कुणाच्या पाकिटात किती, हे मूल विसरत नाही. बाळ महिन्याचं झालं की मानयुए होतं, लाल रंगवलेली अंडी वाटतात. ‘माझं मानयुए झालं नाही’ असं वाक्य आलं तर त्याचं ‘माझं बारसं झालं नाही’ करू नका. बारसं बाराव्या दिवशी, नाव ठेवायला. मानयुए म्हणजे आई आणि बाळ दोघंही महिनाभर जगली, याचा आनंद. जिथे आईच गेली तिथे तो सोहळा का झाला नाही, हे सांगायला मग वेगळं वाक्य लागत नाही.

आणि कपडे. सावत्र आई आणि कपडे यांचं नातं चिनी वाचकाच्या डोक्यात फार जुनं आहे. आईवडिलांप्रती कर्तव्य शिकवणाऱ्या चोवीस आदर्शांच्या कथा चीनमध्ये युआन राजघराण्याच्या काळापासून मुलांना सांगितल्या जातात. त्यातला एक मुलगा मिन झछ्येन, कन्फ्यूशियसचा शिष्य. सावत्र आई स्वतःच्या दोन मुलांच्या थंडीच्या कपड्यांत उबदार भरण घालते आणि याच्या अंगरख्यात बोरूच्या तुऱ्यांचा कापूस भरते. दिसायला तिन्ही अंगरखे सारखेच फुगीर. वडिलांची गाडी हाकताना त्याची बोटं गारठतात, लगाम सुटतो, वडील चाबूक मारतात, अंगरखा फाटतो आणि तुरे उडतात. वडील बायकोला हाकलायला निघतात तर मुलगाच अडवतो. ती राहिली तर मी एकटा गारठेन, ती गेली तर आम्ही तिघंही. तेव्हा तुमच्या पुस्तकात भावंडांचे कोट आणि मुलीचा कोट यांची तुलना आली, तर लेखिका उगाच कपड्यांचं वर्णन करत बसलेली नाही. त्या परिच्छेदातलं एकही विशेषण गाळू नका आणि एकही वाढवू नका.

आता ‘आंट’. इथे तुमचं काम इंग्रजी लेखिकेपेक्षा सोपं आहे, कारण इंग्रजीत जे हरवलं ते मराठी परत मिळवू शकते. चिनीत आत्या गुगु, मावशी यीमा, काकू शेनशेन, मामी जिऊमा. काका दोन प्रकारचे. वडिलांपेक्षा मोठा तो बोबो, लहान तो शूशू. मामा जिऊजिऊ. आपली काका, मामा, आत्या, मावशी ही चौकट जवळजवळ तशीच बसते. इंग्रजीने चौघींना एका पोत्यात घातलं, तुम्ही त्यांना बाहेर काढायचं.

त्यासाठी एकेचाळिसावं पान थांबवा आणि पेन्सिल घेऊन पुस्तक एकदा पूर्ण वाचा, अनुवाद न करता. एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. माणूस, पिढी, वडिलांकडचं की आईकडचं, वडिलांपेक्षा वयाने मोठं की लहान, आडनाव, मुलगी त्यांना काय हाक मारते, पहिल्यांदा कुठल्या पानावर येतात. अशा पुस्तकात पंचवीस-तीस माणसं सहज निघतात. आडनावाचा रकाना सोडू नका, नात्याची किल्ली बहुतेक वेळा तिथेच सापडते. चीनमध्ये बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवते. म्हणजे एखाद्या ‘आंट’चं आडनाव वडिलांसारखंच असेल तर ती बहुधा आत्या. ‘कझिन’चंही तसंच. काकांची मुलं थांग, म्हणजे एकाच आडनावाची. आत्या, मामा, मावशी यांची सगळी मुलं ब्याव, म्हणजे वेगळ्या आडनावाची. कझिनचं आडनाव मुलीच्या आडनावासारखं असेल तर चुलत. नसेल तर आतेभाऊ, मामेभाऊ की मावसभाऊ, हे मागचंपुढचं वाचून ठरवा. कुठेच कळलं नाही तर ‘नात्यातला एक मुलगा’ म्हणा. अंदाजाने ‘मावसभाऊ’ ठोकून देऊ नका, कारण पुढे साठ पानांनी त्याची आई आत्या निघते आणि मग मागचं सगळं उसवावं लागतं.

एक गंमत तुमच्या बाजूची. घरकाम करणाऱ्या किंवा शेजारच्या बाईला चिनी मुलं आयी म्हणतात. मूळ शब्द मावशीच्याच कुळातला. आपणही कामाच्या बाईंना मावशी म्हणतो. इंग्रजीत तिथेही ‘आंटी’ असेल. तिथे मात्र मावशीच बरोबर.

आत्या ओळखू आली की तिचं घरातलं स्थानही लिहिण्यात उतरलं पाहिजे. अशा घरात नकोशा मुलीला जवळ घेणारी माणसं बहुधा स्वतःच कुणाच्या तरी ओंजळीने पाणी पिणारी असतात. भावाच्या घरी राहणारी बिनलग्नाची आत्या, नाहीतर तिजोरी मुलाच्या हातात दिलेले आजोबा. ‘भावाच्या घरी राहणारी आत्या’ म्हटलं की मराठी वाचकाला तिच्याजवळ किल्ल्या नाहीत हे आपोआप कळतं. ‘अविवाहित नातेवाईक महिला’ म्हटलं तर कळत नाही.

पण याच जवळिकीत एक खड्डा आहे. आई गेलेल्या मुलीची गोष्ट वाचताना मराठी वाचक पाचव्या पानावर विचारणार, हिचं आजोळ कुठाय? मामा काय करतोय? आपल्याकडे आई गेली की मूल आजोळी जातं, निदान सुट्टीला तरी. चिनी नात्यांत वडिलांचे आईवडील येये आणि नायनाय. आईचे आईवडील वायगोंग आणि वायपो, आणि त्यातला ‘वाय’ म्हणजे बाहेरचा. वंश बापाचा, मूल बापाच्या घराचं. आईच गेली आणि बापाने नवी बायको आणली की बाहेरच्यांशी असलेला धागा फार बारीक होतो. हे तळटिपेत टाकू नका. आईच्या माणसांचा उल्लेख जिथे पहिल्यांदा येईल तिथे ‘वायपो, म्हणजे बाहेरची आजी’ एवढं लिहा. ‘आजोळ’ हा शब्द मात्र पुस्तकभर वापरू नका. तो आला की तूपभात आणि आंब्याची अढी सोबत येते.

सावत्र आईसाठी निवेदनात ‘सावत्र आई’ ठीक. पण मुलं तिला हाक काय मारतात, ते वेगळं बघा. चिनीत आईला मामा असंही म्हणतात आणि न्यांग हा जुना शब्दही आहे. गेलेली आई एका शब्दाने आणि नवी दुसऱ्या शब्दाने, अशी वाटणी घरात झालेली असेल तर ती जपलीच पाहिजे. गेलेलीला ‘आई’ ठेवा, नवीसाठी चिनी हाक तशीच देवनागरीत लिहा. ‘मम्मी’ नको. त्याने ती बाई एकदम पुण्यातल्या इंग्रजी शाळेच्या फाटकाशी उभी राहते. आणि आईला चिनीत मामा म्हणतात हे लक्षात ठेवून तो शब्द देवनागरीत कुठेच येऊ देऊ नका, नाहीतर आईचा भाऊ होऊन बसेल.

भावंडांचे नंबर बदलू नका. ‘थर्ड ब्रदर’ला नाना, अण्णा, भाऊ अशी नावं द्यायचा मोह होईल. आपल्याकडेही थोरला दादा, मग अण्णा, मग नाना असा क्रम लागतोच, पण त्या हाकांत लाड आहे. नंबरात मूल रांगेत कितवं एवढंच आहे, आणि तुमच्या पुस्तकात नेमकं तेच हवंय. आधी एक शोधा. हा ‘ब्रदर’ मोठा की लहान? चिनीत मोठा भाऊ ग, लहान दी. मोठी बहीण ज्ये, लहान मेय. इंग्रजीत हा फरक पुसलेला असतो, जन्मसालं लावून तो भरून काढा. मग ‘तिसरा दादा’, ‘पाचवी’ असं साधं लिहा. घरोघरी मुलगे आणि मुली एकाच रांगेत मोजतात की दोन वेगळ्या रांगांत, हेही बदलतं. म्हणून ‘दुसरा दादा’ हा घरातलं चौथं अपत्यही असू शकतो. आणि सावत्र आईची मुलं त्याच रांगेत पुढे धरली आहेत की रांगेबाहेर, हे तक्त्यात लाल पेन्सिलने लिहा. घराचे दोन भाग कुठे पडले ते त्यावरून दिसतं.

वयांचा घोळ हा तुमचा नाही. जुन्या चिनी मोजणीत मूल जन्मताच एक वर्षाचं असतं आणि पुढचं वर्ष वाढदिवसाला नाही, नववर्षाला वाढतं. समजा मुलगी डिसेंबर १९३७ मध्ये जन्मली. जन्मतःच एक. ३१ जानेवारी १९३८ ला चिनी नवं वर्ष लागलं, झाली दोन. १९ फेब्रुवारी १९३९ ला तीन, प्रत्यक्षात जेमतेम चौदा महिन्यांची. म्हणून ‘मी पाच वर्षांची होते’ हे वाक्य संवादात असेल तर जुनी मोजणी धरा, निवेदनात असेल तर साल पडताळा. संवादातलं वय दुरुस्त करू नका. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘आमच्या मोजणीने’ हे दोन शब्द घाला.

आता नावं. आडनाव आधी, नाव नंतर. ते उलटवू नका. स्पेलिंगच्या दोन पद्धती आहेत. जुनी वेड-जाइल्स, आणि चीनने १९५८ साली स्वीकारलेली पिनयिन. पुस्तकात एच-एस, टी-एस किंवा अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम दिसला तर जुनी. क्यू, एक्स, झेड-एच दिसले तर पिनयिन. परदेशात गेलेल्या लेखकांच्या पुस्तकांत दोन्हींची खिचडी असते, त्यामुळे एकच माणूस दोन स्पेलिंगांनी येऊ शकतो. पिनयिनमध्ये क्यू म्हणजे ‘छ’च्या जवळचा, एक्स म्हणजे ‘श’, सी म्हणजे ‘त्स’, झेड-एच म्हणजे ‘ज’च्या जवळचा. क्विंग, क्सियाओ, काओ अशी नावं मराठी पुस्तकांत दिसतात ती यामुळेच. तिथे छिंग, श्याव, त्साव हवं. जुन्या पद्धतीतला वरचा स्वल्पविराम म्हणजे श्वास सोडून केलेला उच्चार, आपला त आणि थ यांतला फरक. फ मात्र जपून वापरा, तो मराठी वाचक ‘फळ’मधला वाचेल की ‘फोन’मधला, सांगता येत नाही. आणि माणसं हाँगकाँगला गेली की तिथल्या कँटनी बोलीचे उच्चार आडवे येतात. तिथलं ‘वाँग’ म्हणजे शांघायचं वांगही असेल आणि ह्वांगही. तक्त्याशिवाय हे सुटणार नाही.

गावांच्या बाबतीत वर्तमानपत्रातलं रूढ रूप ठेवा : शांघाय, तियानजिन, नानजिंग. बीजिंगपाशी थांबा. राष्ट्रवादी सरकारने १९२८ साली त्या शहराचं नाव बेपिंग केलं होतं आणि १९४९ मध्ये ते पुन्हा बीजिंग झालं. मुळात ‘पेकिंग’ असेल तर पेकिंगच लिहा, त्या वर्षांतल्या मराठी वाचकालाही तेच माहीत होतं. आणि पैशांचे आकडे आले तर साल बघितल्याशिवाय रुपयांशी तुलना करू नका. १९ ऑगस्ट १९४८ ला नवं चलन आलं तेव्हा जुन्या तीस लाखांना नवा एक युआन होता, आणि तोही थोड्या महिन्यांत मातीमोल झाला. ट्रामच्या तिकिटाला लाखभर, हा आकडा छपाईची चूक असेलच असं नाही.

दोन शब्द मुलीला दिलेल्या दूषणांबद्दल, कारण पुस्तकाचं टोक तिथे आहे. जिच्या जन्माने आई गेली तिला चिनीत ‘ख-मू’ म्हणतील, आईला मारक. इंग्रजीत नुसतं ‘बॅड लक’ आलं असेल. ‘दुर्दैवी’ लिहिलंत तर अर्थ उलटा होतो. दुर्दैवी म्हणजे जिचं नशीब वाईट, इथे ती दुसऱ्याचं नशीब खाते. आपल्याकडे यासाठी नेमकं आहे : पांढऱ्या पायाची. ‘आईला गिळून आली’ हेही चालेल, आजीच्या तोंडी तर शोभेल. ‘मुळावर आली’ टाळा, त्यातून मूळ नक्षत्र आणि आपला ज्योतिषी घरात शिरतो. आणखी एक चिनी शिवी आहे, साओबाशिंग, शब्दशः झाडूतारा, म्हणजे शेपटीचा धूमकेतू. ती शब्दशः आणू नका. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो, तिला पाय लागला तर नमस्कार करतो. ‘केरसुणीतारा’ म्हणजे मराठी कानाला घरात लक्ष्मी आली! तिथे ‘अवदसा’ घ्या.

चीनमध्ये मुलींची नावं जाओदी, लायदी, पानदी अशी ठेवलेली आढळतात. भावाला बोलाव, भाऊ येऊ दे, भावाची आस. आली तर अर्थ तिथल्या तिथे द्या आणि पुढे जा. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात ‘नकुसा’ नावाच्या २८५ मुलींची नावं सरकारी समारंभात बदलली, ते वाचकाला आठवेलच. पण म्हणून जाओदीचं भाषांतर ‘नकुसा’ करू नका. नकुसा म्हणजे ही नको. जाओदी म्हणजे हिच्यामागून दुसरा हवा. एकीच्या नावात ती स्वतः आहे, दुसरीच्या नावात तीही नाही. चिनी शब्द ठेवाल तरच हे दिसेल.

‘फिलिअल पायटी’ला मातृपितृभक्ती म्हणू नका, त्याने पुंडलिक विटेसकट येतो. श्याव हा शब्द ठेवा. त्यात भक्तीपेक्षा हिशेब जास्त आहे. वाढवलं त्याचं देणं, आणि ते देणं सावत्र आईलाही लागू. मिन झछ्येन आठवा. घरातली कुरूपता बाहेर पसरवू नये अशी चिनी म्हण आहे, आपली झाकली मूठ. लेखिका ती मूठ उघडतेय, म्हणून तिचा स्वर इतका सांभाळलेला आहे. तुमच्या घरच्यांना तो कोरडा वाटला. ‘खस्ता खाल्ल्या’ मात्र बेधडक वापरा. चिनीतही कष्ट खातातच, छ-खू, कडू खाणं. आणि ‘लॉस्ट फेस’ला ‘चेहरा गमावला’ कशाला? आपल्याकडे नाक जातं.

हक्कांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत भारतात हक्क चालतात, आणि अनुवादाचे हक्क त्यातच येतात. पुस्तकाच्या हक्कपानावर प्रकाशक किंवा एजंटचं नाव असेल. पण हक्क बहुधा मराठी प्रकाशकाला देतात, एकट्या अनुवादकाला नाही. म्हणून दहा-पंधरा पानांचा नमुना आणि दोन पानांचा गोषवारा घेऊन आधी मराठी प्रकाशक गाठा. नमुन्यात जेवणाचा तो प्रसंग घाला, ‘बिचारी’ काढून.

तळटिपा देऊ नका, विशेषतः रडवणाऱ्या पानांवर. सुरुवातीला एका पानाचा वंशवृक्ष द्या, तक्त्यावरून तो तासाभरात होईल. आणि तक्ता पुरा झाला की पहिल्या चाळीस पानांतल्या सगळ्या मावश्या शोधा. सोबतच्या दोन पानांत तीन आहेत. आडनावावरून त्यातल्या दोन आत्या दिसताहेत, तिसरी भांडी घासतेय. ती मावशीच राहू द्या.